इंग्रजी स्पेलिंग व त्याचे प्राथमिक अध्यापन

इंग्रजी शब्द लिहिताना कोणती अक्षरे घ्यावयाची व ती कोणत्या क्रमाने मांडावयाची, याविषयीचा रूढ संकेत म्हणजे त्या शब्दाचे स्पेलिंग होय. वर्णविन्यास, वर्णलेखन इ. प्रतिशब्द सुचविले गेले असले, तरी मराठीत ‘स्पेलिंग’ हाच शब्द स्थिरावला आहे. आणि त्याला कारणही आहे. मराठीतील शुद्धलेखन ही निराळी कल्पना आहे. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार यांसंबंधीचे शुद्धलेखनाचे नियम शब्दांच्या वर्गांना लागू पडतात. इंग्रजीत मात्र जवळजवळ प्रत्येक शब्दाचे लेखन स्वतंत्रपणे ठाऊक असावे लागते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शब्दातील अक्षरांची नावे क्रमाने उच्चारून तो शब्द पाठ करणे, म्हणजे ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ अशी घोकंपट्टी, ही मराठी वाचन-लेखनात नसलेली क्रिया इंग्रजीबरोबरच येथील शाळांत आली. प्रस्तुत नोंदीतही इंग्रजी शब्दांतील अक्षरे याच प्रकारे त्यांच्या नावांनी दिली आहेत.

रोमन लिपीत २६ अक्षरे आहेत. ब्रिटिश प्रमाण उच्चारातील स्वनिमांची, म्हणजे अर्थभेदक ध्वनींची संख्या मात्र सु. ४४ आहे. त्यामुळे एका अक्षराला अनेक ध्वनींचे काम करावे लागते किंवा दोन-तीन अक्षरे मिळून एक ध्वनी दर्शवावा लागतो. एवढ्यानेच मोठी अडचण झाली नसती. कारण इटालियन वा स्पॅनिश भाषांनीही हीच लिपी वापरून बरीच नियमबद्ध लेखनपद्धती उभारली आहे. इंग्रजीतील खरी अडचण संकेतांच्या बहुलतेची आहे. ‘सी’ असा उच्चार असलेला पाहण्याचा वाचक शब्द एस-ई-ई असा, तर समुद्रवाचक शब्द एस-ई-ए असा लिहितात. ‘की’, ‘पीस’, ‘रिसीव्ह’, ‘पीपल’, ‘मशीन’ या शब्दांत हाच दीर्घ ईकार आणखी पाच प्रकारांनी लिहिला जातो. उलट ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचा उच्चार ‘दो’, ‘थ्रू’, ‘कॉफ’, ‘रफ’ व ‘बाउ’ या शब्दांत पाच प्रकारांनी होतो.

याचा परिणाम शिकणाऱ्या मुलांवर किती होतो, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यूरोपीय तौलनिक अभ्यासावरून दिसून आले. शालेय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाच्या अखेरीस परिचित शब्दांचे वाचन फिनिश, ग्रीक व जर्मन मुले जवळजवळ बिनचूक करीत होती. इंग्रजीतून शिकणाऱ्या स्कॉटिश मुलांना मात्र सु. एकतृतीयांश शब्दच अचूक वाचता आले. ही मुले बुद्धीने कमी नव्हती, त्यांच्या पुढ्यातील सामग्री अवघड होती. वाचनापेक्षा लेखन अधिक कठीण असते, कारण वाचताना संदर्भाचा आधार मिळतो, लिहिताना तो मिळत नाही. असे असूनही स्पेलिंगमधील चुका या आळसाच्या किंवा मंदबुद्धीच्या निदर्शक मानण्याची प्रथा इंग्लंडातही दीर्घकाळ होती व भारतीय शाळांत ती अद्याप पुरती गेलेली नाही. स्पेलिंगच्या अध्यापनाचा प्रश्न त्यामुळे केवळ भाषेच्या तंत्रापुरता मर्यादित राहत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाचे स्वतःविषयीचे मत कसे बनते, याच्याशीही तो निगडित आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : इंग्रजीचे लेखन आरंभापासून असे नव्हते. ५९७ मध्ये ऑगस्टीनच्या नेतृत्वाखाली रोमहून आलेल्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी रोमन लिपी इंग्लंडात रुजविली. तीत नसलेल्या ध्वनींसाठी प्राचीन इंग्रजीच्या लेखकांनी ‘थॉर्न’ व ‘विन्’ यांसारखी अक्षरे जुन्या रून लिपीतून घेतली. ही पद्धती बऱ्याच अंशी उच्चारानुसारी होती; शब्द जसा बोलला जाई, साधारणपणे तसाच तो लिहिला जाई.

१०६६ मधील नॉर्मन विजयानंतर राजदरबारात फ्रेंचचा प्रवेश झाला आणि इंग्रजी लिहिणारे लेखनिक फ्रेंच वळणाचे झाले. राणीवाचक शब्दाच्या आरंभी सी-डब्ल्यू होते, तेथे क्यू-यू आले. घराचा वाचक शब्द एच-यू-एस असा लिहीत, त्यात ओ-यू हे फ्रेंच जोडअक्षर शिरले. ‘च’ या ध्वनीसाठी सी-एच ही जोडी रूढ झाली. पुत्रवाचक ‘सन’, तसेच ‘लव्ह’, ‘कम’ या शब्दांत यूऐवजी ओ का येतो, याचा एक सर्वमान्यप्राय खुलासा लेखणीच्या वळणाशी संबंधित आहे. त्या काळच्या लिपीत एम, एन, यू, व्ही ही सर्व अक्षरे सारख्याच उभ्या रेघांनी काढीत. अशा रेघा सलग आल्या, की शब्द वाचता येईनासा होई. म्हणून लेखनिक मध्येच ओ घालीत. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकांची ही सोय आज लहान मुलांना पाठ करावी लागते.

याहून मोठी उलथापालथ स्वरांत झाली. सु. १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतील सर्व दीर्घ स्वरांचे उच्चार पालटले. डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) यांनी या घटनेला ‘महास्वरपरिवर्तन’ या अर्थाचे नाव दिले. ‘टाइम’ हा शब्द पूर्वी ‘टीम’सारखा, ‘हाउस’ हा ‘हूस’सारखा उच्चारीत. ‘नेम’ या शब्दाचा चौदाव्या शतकातील उच्चार मराठीतील ‘नाम’ या शब्दाच्या पुष्कळच जवळ होता. हे दोन्ही शब्द मुळात एकाच कुळातील आहेत. अखेरीचा ई हाही तेव्हा उच्चारला जाई. उच्चार असे बदलत असतानाच लेखन मात्र गोठत चालले होते. विल्यम कॅक्स्टन (सु. १४२२–९१) याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडातील पहिला छापखाना काढला. परिवर्तन अर्धवट असताना छपाई आली आणि जुन्या उच्चारांचे लेखन कायम झाले. कॅक्स्टनने सु. तीस वर्षे नेदर्लंड्सच्या परिसरात घालविली होती. भूतवाचक ‘घोस्ट’ शब्दातील एच हे त्या भाषिक संपर्काचे अवशेष मानले जाते. ‘नाइट’ शब्दातील जी-एच किंवा ‘नी’ (गुडघा) शब्दारंभीचे के ही अक्षरे एके काळी उच्चारली जात. जर्मनमधील सजातीय शब्दांत ती आजही ऐकू येतात. तेव्हा ज्यांना अनुच्चारित अक्षरे म्हणतात, ती बहुधा पुढे मुकी झालेली अक्षरे होत.

सर्वच अक्षरांविषयी मात्र असे म्हणता येत नाही. प्रबोधनकाळातील विद्वानांनी लॅटिनविषयीच्या आदरापोटी काही अक्षरे मुद्दाम घुसडली. कर्जवाचक ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून बीशिवाय आला होता. मूळ लॅटिन शब्दात बी आहे म्हणून तो इंग्रजीत घालण्यात आला. ‘डाउट’मधील बी व ‘रिसीट’मधील पी यांची हकीकत अशीच आहे. बेटाचा वाचक ‘आयलंड’ हा तर शुद्ध इंग्रजी शब्द. लॅटिनशी त्याचा संबंध नसताना त्यात एस आला, तो चुकीच्या व्युत्पत्तीमुळे. विद्वानांची ही चूक आज बरोबर समजली जाते आणि ते एस गाळणारे मूल चुकते.

लेखनाला स्थैर्य देण्याच्या कामी शाळामास्तरांचा वाटा मोठा आहे. लंडनमधील मर्चंट टेलर्स शाळेचे प्रमुख रिचर्ड मल्कास्टर यांनी १५८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काही हजार नित्योपयोगी शब्दांची यादी दिली आणि उच्चार, रूढी व तर्क या तिन्हींचा मेळ घालण्याचा पुरस्कार केला. सॅम्युएल जॉन्सन (१७०९–८४) यांच्या १७५५ च्या शब्दकोशाने रूढ लेखनावर शिक्कामोर्तब झाले. अमेरिकेत नोआ वेब्स्टर (१७५८–१८४३) यांनी ‘कलर’ मधील यू गाळणे, ‘सेंटर’ च्या अखेरीस ई-आर लिहिणे असे काही सुटसुटीत पर्याय रूढ केले. त्यांचे १७८३ मधील स्पेलिंगचे पुस्तक अमेरिकन शाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते.

सुधारणेचे प्रयत्न : स्पेलिंग सरळ करून टाकावे, हा विचार वारंवार पुढे आला. अमेरिकेचे अध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये ३०० शब्दांची सुलभ स्पेलिंगे सरकारी छपाईत वापरण्याचा आदेश दिला; वृत्तपत्रांनी त्याची थट्टा केली आणि प्रतिनिधिगृहाने विरोध केल्याने तो मागे पडला. ब्रिटिश संसदेत यासंबंधीचे एक विधेयक १९४९ मध्ये अवघ्या तीन मतांनी फेटाळले गेले. शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत उद्‌बोधक प्रयोग जेम्स पिटमन (१९०१–८५) यांचा होय. लघुलिपीकार आयझाक पिटमन यांचे हे नातू. त्यांनी ४४ चिन्हांची एक प्रारंभिक वर्णमाला तयार केली व १९६१ पासून ब्रिटनमधील काही शाळांत तीमधून मुलांना वाचन शिकविण्यात आले. मुले लवकर वाचू लागली आणि न भिता लिहू लागली. पुढे त्यांना नेहमीच्या लेखनाकडे वळावे लागले, तेव्हा पुष्कळांना पहिले विसरून दुसरे शिकणे जड गेले. घरी, रस्त्यावर, वर्तमानपत्रात कोठेही न दिसणारी ही लिपी होती. तिचा वापर पुढील दोन दशकांत ओसरला. लेखन बदलणे शक्य नसेल, तर ते शिकविण्याची रीत बदलली पाहिजे, या दिशेने त्यानंतर अधिक लक्ष देण्यात आले.

स्पेलिंगमधील व्यवस्था : इंग्रजी स्पेलिंगला नियमच नाहीत, या समजुतीच्या समर्थनार्थ एक विनोदी उदाहरण देतात. ‘रफ’मधील जी-एच, ‘विमेन’मधील ओ आणि ‘नेशन’मधील टी-आय घेतल्यास जी-एच-ओ-टी-आय याचा उच्चार ‘फिश’ व्हावयास हवा. हे उदाहरण जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपते. परंतु शॉ यांचा जन्म १८५६ चा आणि हा विनोद १८५५ मधील एका पत्रात आढळतो. विनोद म्हणून तो चांगला आहे, युक्तिवाद म्हणून लंगडा आहे. कारण जी-एच शब्दारंभी आल्यास त्याचा उच्चार कधीही ‘फ’ होत नाही. टी-आय यांचा ‘श’ होतो तो पुढे स्वर असतानाच. अक्षराचे शब्दातील स्थान आणि त्याचे शेजारी लक्षात घेतले, तर उच्चार बराचसा निश्चित होतो, हेच या उदाहरणावरून उलट सिद्ध होते.

स्थानाचे असे संकेत पुष्कळ आहेत. सीपुढे ई, आय किंवा वाय आल्यास ‘स’, एरवी ‘क’ हा उच्चार होतो; म्हणून ‘किंग’, ‘कीप’ या शब्दांना के लागतो. इंग्रजी शब्द सहसा व्हीने संपत नाही. ‘हॅव’, ‘गिव्ह’ यांच्या अखेरीचा ई त्यासाठी आहे. शब्दान्ती जेही येत नाही, म्हणून ‘ब्रिज’च्या अखेरीस डी-जी-ई लिहितात. अखेरीच्या मुक्या ईमुळे आधीचा स्वर दीर्घ होतो. उलट व्यंजन दुप्पट केल्याने आधीचा स्वर ऱ्हस्व राहतो. म्हणून एका पीचे ‘होपिंग’ म्हणजे आशा करणे आणि दोन पींचे ‘हॉपिंग’ म्हणजे लंगडी घालणे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल हॅना व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये सु. १७,००० शब्दांवर एक प्रयोग केला. ध्वनी आणि स्थान यांवर आधारलेले नियम संगणकाला देऊन त्याच्याकडून स्पेलिंगे करवून घेतली. सु. निम्मी पूर्ण बरोबर आली आणि आणखी एकतृतीयांशाहून अधिक शब्दांत केवळ एकच चूक झाली. ‘निम्मे शब्द चुकले’ असेही याचे वर्णन करता येते व काहींनी तसे केले. परंतु संगणकाला शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. इंग्रजी लेखन ध्वनीबरोबर अर्थही जपते. ‘साइन’मधील मुका जी ‘सिग्नल’ व ‘सिग्नेचर’ यांत बोलका होतो, ‘बॉम’च्या अखेरीचा बी ‘बॉम्बार्ड’मध्ये ऐकू येतो, दोन या अर्थाच्या ‘टू’मधील डब्ल्यू हा ‘ट्वेल्व्ह’, ‘ट्वेंटी’, ‘ट्विन’ या भावंडांची ओळख ठेवतो. भूतकाळाचा ई-डी प्रत्यय ‘वॉक्ट’, ‘बेग्ड’, ‘वॉण्टिड’ असा तीन तऱ्हांनी उच्चारला जातो, पण लिहितात एकाच तऱ्हेने. याच्या उलट मराठीत ‘फूल’ हे ‘फुलाला’ होताना उकार ऱ्हस्व लिहितात. म्हणजे मराठी लेखन ध्वनीच्या मागे जाते, इंग्रजी लेखन शब्दाच्या मूळ रूपाला धरून राहते. नोअम चॉम्स्की व मॉरिस हॅले यांनी १९६८ मध्ये, या दृष्टीने इंग्रजी लेखनपद्धती जवळजवळ आदर्श आहे, असे प्रतिपादन केले. हे मत प्रौढ वाचकाच्या बाबतीत पटण्यासारखे आहे. ‘सिग्नेचर’ हा शब्दच ज्याला ठाऊक नाही अशा सात वर्षांच्या मुलाला मात्र त्याचा लाभ लगेच मिळत नाही. तो त्याला शिक्षकाने मिळवून द्यावा लागतो.

अध्यापन : एकोणिसाव्या शतकात शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करून घेणे, हीच सार्वत्रिक रीत होती. अमेरिकन शिक्षणचिकित्सक जोसेफ मेयर राइस यांनी तीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून १८९७ मध्ये असे दाखविले, की स्पेलिंगच्या घोकंपट्टीला दिलेला वेळ आणि मुलांची प्रगती यांत ठळक संबंध आढळत नाही. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास घोकणारी मुले थोडा वेळ देणाऱ्या मुलांहून सरस नव्हती. यावरून स्पेलिंग शिकवूच नये, ते वाचनातून आपोआप येते, असा निष्कर्ष पुढे काहींनी काढला. ब्रिटनमधील मार्गारेट पीटर्स यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात त्याचा परामर्श घेतला. काही मुलांना ते आपोआप येते. पुष्कळांना येत नाही आणि त्यांना पद्धतशीर शिकवावेच लागते, असे त्यांच्या अभ्यासातून निष्पन्न झाले. पाहा, झाका, लिहा, तपासा ही चार पायऱ्यांची रीत त्यांच्या पुरस्कारामुळे प्रसार पावली. तिच्यातील मर्म झाकण्यात आहे. समोर शब्द ठेवून तो दहा वेळा लिहिण्यास सांगितल्यास हुशार मुले आधी दहाही ओळींत पहिले अक्षर, मग दुसरे, अशी उभी उतरंड लिहून मोकळी होतात. शब्द म्हणून तो त्यांच्या मनात एकदाही उभा राहत नाही. झाकून लिहिताना तो स्मरणातून काढावा लागतो. ही उजळणी लागोपाठ करण्यापेक्षा एक दिवस, तीन दिवस, आठवडा अशा वाढत्या अंतराने केल्यास अधिक टिकते.

चुकांकडे पाहण्याची दृष्टी बदलण्याचे श्रेय मुख्यतः चार्ल्स रीड यांना दिले जाते. शाळेत जाण्यापूर्वीच आपापल्या मनाने लिहू लागलेल्या अमेरिकन मुलांच्या लेखनाचा त्यांनी अभ्यास केला (१९७१). ‘ट्रक’ हा शब्द ही मुले सी-एच-आरने सुरू करीत. मोठ्यांना हे हास्यास्पद वाटते. परंतु इंग्रजी भाषकाच्या तोंडी टी व आर यांचा जोड खरोखरच ‘च्र’कडे झुकतो आणि मुले ते अचूक ऐकतात. म्हणजे चूक ही बेपर्वाई नसून विचारपूर्वक केलेला तर्क असतो. मुले आरंभी एखाददुसरे ठळक व्यंजन लिहितात, मग प्रत्येक ध्वनीला एक अक्षर देतात, नंतर मुका ई वा दुहेरी व्यंजन यांसारखे आकृतिबंध वापरू लागतात (त्यांचा अतिरेकही करतात) आणि अखेर प्रत्यय व शब्दकुळे यांकडे वळतात. मूल यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे, हे त्याच्या चुकांवरूनच कळते. म्हणून चुकांची केवळ संख्या मोजणारा शिक्षक उपयुक्त माहिती गमावतो.

इंग्लंडमध्ये २००६ च्या एका शासकीय अहवालानंतर ध्वनी व अक्षरे यांच्या जोड्या क्रमवार शिकविण्याच्या पद्धतीवर भर आला. २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या अखेरीस ४० शब्दांची एक चाचणी घेतली जाते. त्यांतील २० शब्द निरर्थक असतात, जेणेकरून मूल पाठांतरावर विसंबले आहे की ध्वनी जुळवून वाचते, हे कळावे. वाचनाला ही पद्धती उपकारक ठरते. स्पेलिंगचा पाया ती घालते, पण तेवढ्याने इमारत होत नाही. ‘ई’ हा ध्वनी लिहिण्याचे सहा मार्ग ठाऊक झाले, तरी या शब्दात त्यांतील कोणता, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी आकृतिबंधांनुसार केलेले शब्दगट उपयोगी पडतात. आठवड्याच्या यादीत ‘लाइट, नाइट, फाइट, ब्राइट’ असे एका वळणाचे शब्द असावेत. प्राणी, फळे, वाहने अशा विषयवार याद्या अर्थाच्या दृष्टीने सोयीच्या असल्या, तरी त्यांतून स्पेलिंगचा कोणताही नियम हाती लागत नाही.

सर्वांत अनियमित शब्द नेमके सर्वाधिक वापरातले आहेत. ‘वॉज’, ‘सेड’, ‘वन’, ‘हू’, ‘डझ’ हे पहिल्याच पुस्तकात भेटतात. ‘ऑव्ह’मधील एफचा उच्चार ‘व’ होतो, तसा तो दुसऱ्या कोणत्याही नित्याच्या शब्दात होत नाही. अशा शब्दांची संख्या मर्यादित असल्याने ते रोज दोन-तीन या प्रमाणात स्मरणात बसविणे शक्य असते. त्यांतही सगळा शब्द बेशिस्त नसतो. ‘सेड’ मधील एस व डी सरळ आहेत. लक्ष द्यावयाचे ते मधल्या ए-आयकडेच. अवघड जागा नेमकी कोणती, हे मुलाकडून शोधून घेऊन तेथे खूण करविणे, हा उपाय सोपा असूनही फारसा योजला जात नाही.

स्मरणसाहाय्यक युक्त्यांना मर्यादित स्थान आहे. ‘वेड-नेस-डे’ असा बुधवारचा अक्षरशः उच्चार मनात करणे उपयुक्त ठरते. ‘लेफ्टनंट’ हा शब्द ‘लाय-यू-टेन-ॲण्ट’ असा फोडून ‘खोटे, तू, दहा, मुंगी’ असा त्याचा अनुवाद करण्याची गंमत शाळकरी मुलांच्या परिचयाची आहे व ते स्पेलिंग ती क्वचितच चुकतात. सीनंतर नसल्यास ईच्या आधी आय, हा प्रसिद्ध नियम मात्र ‘सायन्स’, ‘सीझ’, ‘विअर्ड’ यांसारख्या अपवादांनी पोखरलेला आहे. तो शिकविण्यात फारसा अर्थ नाही, असे इंग्लंडमधील शिक्षकांसाठीच्या २००९ च्या एका अधिकृत मार्गदर्शिकेत सांगितले होते.

मराठी भाषक मुले : महाराष्ट्रात २००० सालापर्यंत मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई, त्या वर्षी ते पहिलीपासून सुरू करण्यात आले. त्यामुळे बाराखडी व जोडाक्षरे गिरवीत असतानाच मुलाला दुसऱ्या लिपीची ओळख होते. देवनागरीत स्वर व्यंजनाला चिकटलेला असतो आणि अक्षराचे नाव हाच त्याचा ध्वनी असतो. ‘क’ला ‘क’च म्हणतात. रोमनमध्ये ‘डब्ल्यू’ या नावात ‘व’चा मागमूसही नाही आणि ‘एच’मध्ये ‘ह’ ऐकू येत नाही. तेव्हा अक्षरांच्या नावांआधी किंवा निदान नावांबरोबर त्यांचे ध्वनी शिकविणे मराठी मुलाच्या बाबतीत विशेष अगत्याचे आहे.

मराठी मुलांच्या चुकांना स्वतःचे असे तर्कशास्त्र आहे. ‘बस’ हा शब्द ती बी-ए-एस आणि ‘कप’ हा के-ए-पी असा लिहितात. मराठी नावे रोमन लिपीत लिहिताना ‘अ’साठी ए व ‘क’साठी के वापरतात, तीच सवय येथे लागू केलेली असते. दुकानांच्या पाट्या व स्थानकांवरील फलक हे या मुलांचे पहिले रोमन वाचनपाठ होत आणि त्यांतील संकेत इंग्रजीचे नसून मराठीचे असतात. ‘पुणे’, ‘ठाणे’ यांच्या अखेरीचा ई उच्चारायचा, ‘ट्यून’च्या अखेरीचा मात्र नाही, मोरे, माने, साने ही आडनावे रोमनमध्ये लिहिली असता इंग्रज वाचकाला ‘मोअर’, ‘मेन’, ‘सेन’ असे इंग्रजी शब्द दिसतात. रोमन अक्षरे वापरणाऱ्या दोन निरनिराळ्या पद्धती आपण एकाच वेळी वाचतो, ही गोष्ट मुलांना स्पष्ट करून सांगितल्यास त्यांचा गोंधळ बराच कमी होतो. दुहेरी व्यंजनाचेही तसेच. ‘पक्का’, ‘अन्न’ यांत मराठी माणूस व्यंजन खरोखर दोनदा उच्चारतो. ‘बटर’मध्ये तसे काही ऐकू येत नसल्याने मूल एकच टी लिहिते. तो दुसरा टी उच्चारासाठी नसून आधीच्या स्वरावर पहारा ठेवण्यासाठी आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

काही बाबतींत मराठी मूल इंग्रज मुलापेक्षा सुस्थितीत असते, याची दखल सहसा घेतली जात नाही. दक्षिण इंग्लंडातील उच्चारात स्वरानंतरचा आर लोपल्याने चटणीसारख्या पदार्थाचा वाचक ‘सॉस’ आणि उगमवाचक ‘सोर्स’ हे शब्द सारखेच ऐकू येतात व तेथील मुले त्यांत घोटाळा करतात. मराठी मूल ‘र’ उच्चारत असल्याने तो घोटाळा करीत नाही. मराठी लेखनात रूढ झालेला ‘व’ व ‘व्ह’ हा भेद डब्ल्यू व व्ही यांचा भेद शिकविण्यास तयार आधार देतो. ‘वॉटर’ आणि ‘व्हॅन’ मुलाने आधीच वेगळे लिहिलेले असतात. ॲ व ऑ ही चिन्हेदेखील इंग्रजी शब्दांसाठीच मराठीत आली आहेत. ‘देवनागरीत लिहून पाठ करू नका’ अशी ताकीद अनेक वर्गांत दिली जाते. ती सरसकट देणे योग्य नाही. उच्चार टिपून ठेवण्यास देवनागरी हे उत्तम साधन आहे. शब्द देवनागरीत लिहून त्याच्या प्रत्येक ध्वनीखाली त्याला इंग्रजीत कोणती अक्षरे आली ते मांडल्यास मुका के किंवा दुसरा टी कोठे उरतो, हे मुलाला डोळ्यांनी दिसते.

काही मुलांच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. वाचनअक्षमता असलेल्या मुलांना ध्वनी सुटे करणेच कठीण जाते. त्यांना बोटाने गिरविणे, मोठ्याने उच्चारणे व पुन्हा लिहिणे अशा अनेक इंद्रियांच्या एकत्रित सरावाची आणि अधिक वेळेची गरज असते. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती दिल्या जातात. तथापि दोष पहिली-दुसरीत ओळखला गेल्यास जे साधते, ते दहावीत सवलतींनी साधत नाही. [⟶ अध्ययन, ध्वनिविचार].

संगणक व दूरध्वनीसंच यांवरील स्पेलिंग-तपासनिसामुळे हा सारा खटाटोप अनावश्यक झाला, असे मत अलीकडे ऐकू येते. हा तपासनीस चुकीचा शब्द दाखवितो. चुकीच्या जागी आलेला बरोबर शब्द दाखविण्यात तो अजूनही पुष्कळदा फसतो. ‘तेथे’ आणि ‘त्यांचे’ या अर्थांचे दोन ‘देअर’, ‘लिहिणे’ आणि ‘बरोबर’ या अर्थांचे दोन ‘राइट’ यांतील निवड लिहिणाऱ्याला स्वतःच करावी लागते. शिवाय तपासनीस जे पर्याय पुढे करतो, त्यांतून हवा तो ओळखण्याइतके तरी स्पेलिंग आधी यावे लागते. आणि बी-ए-एस असे लिहिणाऱ्या मुलाला त्याने सुचविलेल्या चार शब्दांपैकी आपली बस कोणती, हे कळतेच असे नाही.